डावीकडचं वजन

गाडीला सस्पेन्शन निवडायला येणारी माणसं मला मनापासून आवडत नाहीत. पोरं येतात, मोबाइलवर कुठल्यातरी परदेशी गाडीचा फोटो नाचवतात आणि म्हणतात, “काका, अश्शी खाली करून द्या.” गाडी जमिनीला टेकली की यांची कॉलर वर. मग सिडकोतल्या पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट घासतं आणि चिरंजीव परत माझ्या दारात. मी सांगतो, बाबांनो, स्प्रिंग वजन उचलते आणि शॉकअप त्या स्प्रिंगला शांत करतो. आधी हे सांगा, गाडीत बसणार कोण आणि किती जण? रंगबिंग नंतर बघू. यावर पोरं एकमेकांकडे बघून हसतात.

गाडीत बसणार कोण, हा प्रश्न मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना विचारत आलो. घरच्या गाडीच्या वेळी मात्र तो माझ्यावरच उलटला.

माझं नाव कोंडाजी. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, पावडर कोटिंगच्या कारखान्यामागे माझं वर्कशॉप आहे. नाव ‘मयूर सस्पेन्शन’. मुलाचं नाव दुकानाला द्यायची आपल्याकडे पद्धतच आहे. इतरांची मुलं नोकरीला लागली तेव्हा माझा मयूर रॅलीच्या नादाला लागला, आणि तोही बायकोसकट. वेदिका, म्हणजे माझी सून, गाडी चालवायची. हा डावीकडे बसून तिला पुढचं वळण कुठलं, किती घट्ट, ते सांगत राहायचा. नातेवाईक म्हणायचे, हे उलटंच चाललंय. मी म्हणायचो, तुमच्या घरी सुलटं करा. गाडी ती हाकायची, बडबड तो करायचा, आणि घरातही तेच चालायचं.

गाडी म्हणजे दोन दारं, दोन सीटा आणि डिकीत एक छत्री मावेल एवढी जागा. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. मयूरला ती चांदवडला एका कांदाचाळीत ताडपत्रीखाली सापडली होती. आत कोंबडी अंडी घालून बसली होती. पावसाळी हवा पडली की अजूनही तिच्या सीटांतून कांद्याचा वास येतो. इतकी हलकी आणि इतकी तिखट गाडी मी दुसरी पाहिली नाही. नाकावरची माशी हाकलल्यासारखी वळते.

अशा हलक्या गाडीचं सस्पेन्शन लावायची आमची एक पद्धत आहे. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवायचे, आत माणसं बसवायची, आणि कुठल्या चाकावर किती भार येतो ते बघत उंची लावायची. काम दिवसभर चालतं. एवढा वेळ माणूस कोण बसवून ठेवणार? म्हणून त्या त्या माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं करायचं. वेदिकाचं एक, मयूरचं एक, दोन्हींवर ऑइलपेंटनं नावं. दिवाळीचा फराळ झाला की मयूरच्या पोत्यात मी मुद्दाम त्याच्यासमोर दोन ओंजळी वाळू वाढवायचो.

पोतं सीटवर ठेव, असं आमच्याकडे कुणी म्हणत नसे. “मयूरला बसव,” म्हणायचं. आणि काम संपलं की “उतर रे,” म्हणून मगच पोत्याला हात लावायचा. हा नियम मयूरनंच घातला होता. एकदा माझा कामगार गोटीराम न बोलता पोतं ओढायला लागला तेव्हा मयूर कृतककोपानं म्हणाला होता, “माझ्या नावानं बसवता ना? मग माझ्या नावानं उतरवा पण. नाहीतर मी तिथेच बसून राहीन.” आम्ही हसलो होतो. पण पुढे ती सवयच पडली, देवाला नमस्कार केल्याशिवाय शटर उघडायचं नाही तशी.

मागच्या वर्षी मयूर गेला. आजारानं गेला, गाडीचा त्यात काही दोष नाही. आजार लांबत गेला आणि तो आटत गेला. शेवटी त्याला पलंगावरून बाथरूमपर्यंत मीच उचलून न्यायचो. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. “मी धरतो,” असं म्हटलं की तो अंग सैल सोडायचा. औषधांनी त्याला इतकी गुंगी यायची की बोलता बोलता अर्ध्या वाक्यात झोप लागायची, आणि जाग आली की तो पुढचं अर्धं पूर्ण करायचा. हॉस्पिटलात नर्सला त्याचं वजन हवं होतं, पण त्याला काट्यावर उभं राहता येईना. मग मीच त्याला हातांवर घेऊन काट्यावर चढलो आणि माझं वजन वजा केलं. त्रेचाळीस किलो. धडधाकट असताना त्याचं पोतं सत्तरचं होतं.

तो गेला त्या दुपारी मी त्याच्याजवळ नव्हतो. त्यानंच मला हट्टानं वर्कशॉपमध्ये धाडलं होतं, “मी बरा होईपर्यंत गाडी तयार करून ठेवा” म्हणून. मी पोतं सीटवर बसवलं, वरून बेल्ट लावला, काटे सुरू केले, आणि वेदिकाचा फोन आला. हातातला पाना तिथेच टाकून मी धावत सुटलो. नंतर केव्हातरी गोटीरामनं गाडी कोपऱ्यात ढकलून तिच्यावर ताडपत्री टाकली. वर्षभर तिला कुणी हात लावला नाही.

वर्षश्राद्ध झालं त्याच आठवड्यात वेदिका माझ्यासमोर चहाचा कप ठेवून म्हणाली, “बाबा, मला गाडीला नवीन सस्पेन्शन बसवायचंय. डिसेंबरची रॅली करायचीय.”

वर्षभरात मी तिच्या तोंडून ‘मला करायचंय’ असं काही पहिल्यांदाच ऐकत होतो. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची, बँकेतल्या नोकरीवर जाऊन यायची. तिचे आईवडील तिला न्यायला दोनदा येऊन गेले होते. ती गेली नाही, आणि राहून काय करायचं तेही तिला कळत नव्हतं. मला तिची काळजी लागून राहिली होती. ही पोर जगायला परत लागली पाहिजे, याशिवाय त्या वर्षी मी देवाकडे काही मागितलं नाही.

“शेजारी कोण बसणार?” मी विचारलं.

“आशा म्हणून एक मुलगी आहे. पेठला शाळेत शिकवते, आधी दोघा-तिघांबरोबर बसलीय. हुशार आहे.” मग म्हणाली, “त्याच्यासारखी बडबड नाही करत.”

मी म्हटलं, “उद्याच गाडी काढतो.”

दुसऱ्या दिवशी आम्ही ताडपत्री ओढली. सीटवर पोतं तसंच बसलेलं होतं, बेल्ट लावलेलं. ऑइलपेंटनं लिहिलेलं नाव आमच्याकडे तोंड करून. गोटीरामनं नजर खाली घातली. मी बेल्ट सोडला, दोघांनी पोतं उचललं आणि भिंतीशी नेऊन ठेवलं. कुणी काही बोललं नाही.

गाडी डावीकडे दोन बोटं बसली होती. त्यात नवल नव्हतं. वर्षभर सत्तर किलो एकाच सीटवर, स्प्रिंग थकणारच. तसंही ते जुनं सामान काढायचंच होतं. मी वेदिकाला तीन पर्याय समजावून सांगितले. एक, नुसत्या बुटक्या स्प्रिंगा. स्वस्त, दिसायला झकास आणि गाडीच्या तब्येतीला वाईट. दुसरा, उंची बदलता येणारा सेट, ज्यात स्प्रिंगखालची चकती फिरवून प्रत्येक चाक वेगळं वरखाली करता येतं. शर्यतीच्या गुळगुळीत ट्रॅकवर उत्तम, पण सतत छेडछाड करायचा मोह होतो. तिसरा, लांब दांड्याचे मऊ शॉकअप, रॅलीचे, आपल्या घाटातल्या खड्ड्यांसाठी. मी तिसऱ्याच्या बाजूनं होतो. वेदिकानंही तोच निवडला.

सेट आला, आम्ही बसवला, गाडी खाली घेतली. डावी बाजू दोन बोटं खालीच.

मी गोटीरामवर खेकसलो, की स्प्रिंग नीट बसली नसेल. पुन्हा उघडलं, नीटच होती. मग डावीची स्प्रिंग उजवीला घातली, उजवीची डावीला. स्प्रिंगचा दोष असेल तर तो स्प्रिंगबरोबर पलीकडे जायला हवा. गेला नाही. सांगाडा वाकला असेल म्हणून दोरी लावून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मापला. सरळ होता. जमीन तपासली, टायरमधली हवा तपासली. माझ्या हयातीत मी गाडीसमोर एवढा मूर्ख ठरलो नव्हतो, आणि मूर्ख ठरलो की मी फार आरडाओरडा करतो.

गोटीराम पेठकडचा, माझ्याकडे केस पांढरे झालेला माणूस. त्यानं माझा सगळा तमाशा होऊ दिला. मग हात पुसत म्हणाला, “मालक, गाडीत कोनी बसेल हाय.”

“तुझं डोकं बसलंय,” मी म्हटलं. “काटे आण.”

रिकाम्या गाडीचं वजन मला तोंडपाठ होतं. चारही काटे सुरू केले. उजवीकडचे दोन जवळपास नेहमीसारखे. डावीकडे जास्तीचा भार, आणि तो नेमका जसा माणूस बसल्यावर पडतो तसा वाटलेला. पुढच्यावर थोडा, मागच्यावर बराच. मी बेरीज केली आणि पाठ असलेला आकडा वजा केला.

त्रेचाळीस.

गोटीराम म्हणाला, “पोतं तं सत्तरचं हाय ना?” आणि मी हो म्हटलं. त्याला त्रेचाळीसचा आकडा माहीत नव्हता. वेदिकालाही नव्हता, त्या दिवशी हॉस्पिटलात ती औषधं आणायला गेली होती. तो फक्त मला आणि माझ्या हातांना माहीत होता. पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी उकडत होतं आणि माझ्या दंडांवर काटा उभा राहिला. डावीकडच्या दाराची काच आतून खालच्या बाजूला धूसर झाली होती, तळहाताएवढी. बघता बघता ती धूसर व्हायची, मग निवळायची, परत धूसर व्हायची. श्वासाच्या लयीत.

मी घाबरलो. आणि खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त मला आनंद झाला.

गोटीरामला मी लवकर घरी पाठवलं. गाडीजवळ स्टूल ओढून बसलो. “चहा घेणार?” मी विचारलं. काट्यावरचा आकडा किंचित हलला, माणूस सीटवर जरा सावरून बसला की हलतो तसा. मी दोन कप मागवले. एक पिऊन झाल्यावर दुसराही मीच प्यायलो. कितीतरी महिन्यांनी मला चहाला चव लागली.

आता मी काय केलं ते ऐका, आणि मला नावं ठेवायची असतील तर ठेवा. मी तो तिसरा सेट उतरवला आणि ज्याच्याविरुद्ध गिऱ्हाइकांना भाषणं देतो तो दुसरा, चकतीचा सेट मागवला. वेदिकाला म्हणालो, “मी नीट विचार केला, या गाडीला हाच शोभतो.” ती म्हणाली, “तुम्हीच म्हणालात ना घाटाला मऊ हवा?” मी म्हणालो, “कारागीर कोण आहे, तू की मी?” खरं कारण एवढंच होतं, की त्या सेटमध्ये डाव्या बाजूच्या चकत्या वेगळ्या वर घेता येतात. मी त्या वर घेतल्या. तो आत बसलेला असताना गाडी समतोल उभी राहील एवढ्या. गाडीत बसणार कोण, या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं आणि मी त्या उत्तराप्रमाणे सस्पेन्शन लावलं. काम सुरेख झालं होतं.

पुढचा आठवडा मी फार सुखात काढला. रोज दुपारी गाडीशेजारी डबा खायचो. कारखान्यांच्या गप्पा, भावकीतली भांडणं, सगळं त्याला सांगायचो. मध्येच काच धूसर व्हायची थांबायची, मग मी समजायचो, झोप लागली.

रविवारी सकाळी वेदिका आणि आशा गाडी घेऊन पेठ रस्त्यानं सावळघाटाकडे सरावाला गेल्या. आशा बसली तेव्हा डावी बाजू नेहमीपेक्षा जास्त दबली. मी ते पाहिलं. दोघं एका सीटवर, हे मला दिसत होतं, आणि मी हात हलवून त्यांना निरोप दिला. सून चालली होती म्हणून की तो चालला होता म्हणून, ते माझं मलाच सांगता आलं नसतं.

जेवणाच्या वेळेला त्या परत आल्या. आधी आशा उतरली. उतरली म्हणजे जवळजवळ बाहेर पडली. ओठ पांढरे झाले होते. पाणी प्यायली आणि म्हणाली, “काका, मी त्या सीटवर परत बसणार नाही. राग मानू नका.”

“काय झालं?”

“कुणाच्यातरी मांडीवर बसल्यासारखं वाटतं. हाडं टोचतात, काका.” तिनं वेदिकाकडे बघितलं. “आणि ताई मी सांगायच्या आधी गाडी वळवत होती. मी म्हटलं, तुला पाठ आहे का रस्ता? तर म्हणते, तू सांगतेयस ना. मी गप्प होते. अर्धा घाट मी तोंड उघडलेलं नव्हतं.”

डावीकडच्या पुढच्या चाकावर गाडीच्या पत्र्याला आतून टायर घासल्याचा काळा पट्टा होता. टायरच्या कडेला चुन्याचे पांढरे ओरखडे होते. चुना कठड्याचा. उजव्या वळणावर सगळा भार डावीकडे येतो, आणि तिथे मी लावलेल्या हिशोबापेक्षा एक माणूस जास्त होतं. स्प्रिंग तळाला टेकली असणार आणि गाडी दरीकडे घसरली असणार. मला ते सगळं त्या पट्ट्यावरून वाचता येत होतं.

आशा गेल्यावर मी वेदिकाकडे वळलो. वाटलं होतं रडत असेल. तिचे डोळे चमकत होते. लग्नात चमकत होते तसे.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “तो सांगत होता. तोच आवाज, पण थकलेला. उजवं, घट्ट. मग डावं, उघडं. मी त्याचं ऐकत गेले, एकही वळण चुकलं नाही.”

“आणि कठडा?”

“ते शेवटचं वळण. तिथे तो काही बोललाच नाही.” ती हसली, एखाद्या आजारी मुलाचं कौतुक सांगावं तशी. “अर्धंच बोलला. झोप लागली असेल. मग खूप पुढे गेल्यावर एकदम म्हणाला, ‘घट्ट.’ मला इतकं हसू आलं. उद्या मी एकटीच जाणार आहे. आशा नको. मी आणि तो, बस.”

मी तिला समजावण्याचा प्रयत्न केला नाही. वर्षभर ही पोर हसावी म्हणून मी झुरलो होतो आणि आता ती हसत होती. तिच्या हसण्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी काचेवरच्या त्या श्वासाची वाटली नव्हती. तो तिचं वाईट चिंतणारा नव्हता. तो आजारी होता, बास. गुंगीतला माणूस तिला घाटातून रस्ता सांगत होता आणि ती डोळे मिटून ऐकणार होती. उद्या नाही तर परवा तो अर्ध्या वाक्यात झोपी जाणार आणि ती कठड्यापलीकडे जाणार. आणि ते मी लावलेल्या समतोलावर.

गाडीची किल्ली मी खिशात घातली. तिला म्हटलं, पत्र्याला टायर घासतोय, एवढं दुरुस्त करून देतो.

सोमवारी मी गोटीरामला येऊ नको म्हणून कळवलं. सकाळचं कोवळं ऊन शेडच्या तोंडापर्यंत आलं होतं. बाजूच्या कारखान्यात रेडिओ लागला होता. मी गाडी काट्यांवर घेतली आणि भिंतीशी बसलेल्या पोत्याकडे नजर गेली. ‘मयूर’. त्याच्यावर धूळ बसली होती. बघता बघता मला त्याचं ते बोलणं आठवलं, माझ्या नावानं बसवता ना, मग माझ्या नावानं उतरवा पण.

आम्ही त्याला उतरवलंच नव्हतं. फोन आला तेव्हा मी पाना टाकून पळालो होतो. वर्षानं पोतं काढलं तेव्हाही मुक्यानं काढलं होतं. त्याचे दिवस घातले, अस्थी रामकुंडात सोडल्या, वर्षश्राद्ध केलं, भटजींनी सांगितलेलं सगळं केलं. वर्कशॉपमधला एक शब्द तेवढा राहून गेला होता. आणि ज्या घटकेला तो तिकडे गेला त्याच घटकेला मी इकडे त्याला बसवून ठेवलं होतं.

मी डावं दार उघडलं. सीटवरचं कापड मधोमध खोल दबलेलं होतं. आतून औषधांचा तो गोडसर वास आला, जो घराच्या भिंतींतून जायला दोन वेळा रंग लावावा लागला होता.

“मयूर,” मी म्हटलं. “उतर रे.”

काटा हलला नाही.

“उतर बाळा. काम झालं.”

आकडा थरथरला. एक किलो कमी झाला, परत वाढला. परत कमी झाला, परत वाढला. मला समजेना. मग समजलं. तो प्रयत्न करत होता. उठायचा प्रयत्न करत होता, जसा त्या पलंगावरून करायचा, आणि त्याला उठता येत नव्हतं. या अवस्थेत तो एकट्यानं कधी उठलाच नव्हता. रडू आलं ते मी येऊ दिलं. बघायला कोण होतं?

मी वाकलो. डावा हात त्या दबलेल्या जागेच्या मागून घातला, उजवा हात जिथे गुडघे असतील तिथून. हातांना काही लागलं नाही. नुसती गार हवा, माठाजवळ असते तशी.

“मी धरतो,” मी म्हटलं.

आणि माझे हात भरले. कंबरेत कळ आली, जुनी, ओळखीची. मी श्वास रोखून सरळ झालो. माझ्यामागे गाडीची डावी बाजू हळूच वर आली आणि स्प्रिंगनं एक बारीकसा सुस्कारा टाकला. मी मान वळवून काट्यांकडे पाहिलं. जास्तीचं काही नव्हतं. सीटवरचं कापड फुगून सपाट झालं होतं, आणि काचेवरची वाफ जशी आली होती तशी निघून गेली.

त्या दुपारी मी चकतीचा सेट काढून टाकला आणि मऊ शॉकअप परत बसवले. आशाच्या वजनाचं नवीन पोतं केलं. मयूरच्या पोत्याची शिवण दाभणानं उसवून वाळू दारातल्या कडुनिंबाच्या आळ्यात ओतली. गाडी चारही चाकांवर सरळ उभी होती, टेबलासारखी.

वेदिका गाडी घ्यायला आली. बसली, दार लावलं, आवारातच एक फेरी मारली आणि थांबली. बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिली. मी जवळ गेलो नाही. मग ती काच खाली करून म्हणाली, “हलकी झालीय.” तेवढं म्हणाली आणि हंबरडा फोडला. वर्षभर अडवलेलं सगळं त्या छोट्या गाडीत बसून रडली. संध्याकाळी आशाला फोन तिनंच केला.

डिसेंबरची रॅली त्या दोघींनी केली. नंबर आला नाही, पण परत आल्या, धुळीनं माखलेल्या, एकमेकींवर ओरडत. घट्ट कुठलं आणि उघडं कुठलं यावरून वाद चालला होता. वेदिका आता जेव म्हटल्यावर जेवत नाही, तिला भूक लागली की जेवते. मला तेवढं पुरेसं आहे.

माझं म्हणाल तर ठीक चाललंय. कंबर दुखते. वेदिकानं बळेच दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं, आकडा बघितला, मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, काटा बिघडलाय, दुसरा आणा. दुसऱ्यावरही तेच. मी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि खाली उतरलो.

घराचा जिना चढताना मी हल्ली मध्ये थांबतो. वेदिका एक पायरी खाली उभी राहते आणि विचारते, “बाबा, दम लागला?” मी म्हणतो, “जरा.” दम मला लागलेला नसतो. बोलता बोलता त्याला झोप लागते, आणि मान माझ्या खांद्यावर जड होते, म्हणून थांबतो. मी धरतो म्हणालो होतो. खाली कुठे ठेवायचं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.